माथेरानचा ‘शोध’ नेमका कुणी लावला? : स्थळदर्शनातून संशोधनाची तयारी



मागच्या काही पोस्टमध्ये आपण सिनॉप्सिस, संशोधन-प्रश्न आणि साहित्याचा आढावा यांबद्दल बोललो. त्यावर बऱ्याच जणांचा प्रश्न होता, “हे सगळं वाचायला ठीक आहे, पण सराव कुठं करायचा?” माझं उत्तर आहे, माथेरानला. मुंबई-पुण्याहून एका दिवसात जाऊन येता येतं, गाड्यांचा त्रास नाही, आणि चालता चालता इतिहास-संशोधनाचे निदान पाच-सहा मूलभूत धडे पायाखाली येतात. मी स्वतः विज्ञान शाखेतून आलेलो असल्यामुळे इतिहासाची पद्धत मला आयती मिळाली नाही. तुमच्यातल्याही अनेकांची हीच अवस्था असेल. म्हणून आजची पोस्ट थोडी मोठी आहे.

इटलीतल्या फ्लॉरेन्ससारख्या शहराची कुठलीही मार्गदर्शिका उघडा. प्रत्येक वास्तूपुढे तीन गोष्टी हमखास दिलेल्या असतात: कुणी बांधली, कुणाच्या देखरेखीखाली किंवा पैशानं बांधली आणि कधी. कॅथेड्रलचा घुमट ब्रुनेलेस्कीचा, काम १४२० ते १४३६, देखरेख लोकरीच्या धंद्यातल्या संघाची. आता माथेरानचं माहितीपत्रक हातात घ्या. पॉइंटांची लांबलचक यादी, घोड्यांचे दर, चिक्की आणि चपला कुठं घ्यायच्या याची माहिती. वारसा म्हणून पाहायचं तर टॉय ट्रेन, एवढंच. म्हणजे माथेरानला इतिहास नाही का? आहे, आणि भरपूर आहे. फक्त तो लेबल लावून ठेवलेला नाही. लेबल आपल्याला लिहायचं आहे, आणि संशोधकाचं निम्मं काम तेच असतं.

धडा पहिला : आधी जिल्हा शोधा

आज माथेरान रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात आहे. शेजारचा तालुका खालापूर. त्यामुळे नवखा विद्यार्थी काय करतो? रायगडचं जुनं नाव कुलाबा (नाव बदललं १९८१ साली), म्हणून तो ब्रिटिशकालीन मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा कुलाब्याचा, म्हणजे अकरावा खंड काढतो. त्यात माथेरानवरचं प्रकरण सापडत नाही. मग तो आपल्या वहीत लिहितो, “माथेरानबद्दल जुनी माहिती उपलब्ध नाही.”

माहिती आहे, पण दुसऱ्या कपाटात. त्या काळी कर्जत ठाणे जिल्ह्यात मोडत होतं. त्यामुळे माथेरानवरचा सविस्तर मजकूर १८८२ साली निघालेल्या चौदाव्या खंडात, ठाणे जिल्ह्याच्या ‘प्रेक्षणीय स्थळां’मध्ये आहे. कर्जत कुलाब्यात गेलं ते नंतर.

ही गोष्ट लहान वाटते, पण लक्षात ठेवा: कागद हे आजच्या नकाशाप्रमाणे लावलेले नसतात, ते ज्या कचेरीनं तयार केले तिच्या हद्दीप्रमाणे लावलेले असतात. तुमचं गाव, तुमची नदी, तुमचा साथीचा रोग, विषय कोणताही असो, तो ज्या काळचा आहे त्या काळी कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या खात्यात मोडत होता हे आधी पाहायचं. ‘साहित्य उपलब्ध नाही’ हे वाक्य लिहिण्यापूर्वी ही एक तपासणी सक्तीची समजा.

धडा दुसरा : ‘शोध लावला’ म्हणजे काय?

माथेरानवरचा बहुतेक प्रत्येक लेख एकाच वाक्यानं सुरू होतो: “१८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट यांनी माथेरानचा शोध लावला.” यातलं साल आणि नाव बरोबर आहे. मे १८५० मध्ये मॅलेट साहेबांचा तळ डोंगराच्या पायथ्याशी, चौक गावी पडला होता. चौक म्हणजे आपलं खालापूर तालुक्यातलं, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचं. तिथून ते आज आपण ज्याला वन ट्री हिल म्हणतो त्या बाजूनं वर चढले, माथ्यावर फिरले आणि रामबागेच्या वाटेनं खाली उतरले. पुढं त्यांनी वर घर बांधलं. ते ‘बाइक’ या नावानं ओळखलं गेलं आणि तेच नाव आज तिथल्या एका हॉटेलला आहे.

आता क्रियापदाकडे बघा. ‘शोध लावला’. चढायला एक बाजू, उतरायला दुसरी. घनदाट रानात नवखा माणूस एका फेरीत स्वतःहून दोन वाटा काढत नाही. म्हणजे त्या वाटा कुणीतरी आधीच वापरत होतं. हे माझं अनुमान झालं, आणि अनुमान आहे असंच मी ते लिहितो. पण त्याला आधार आहे. डोंगराच्या उतारांवर ठाकर, कातकरी आणि धनगर यांच्या वाड्या होत्या, आजही आहेत. समोरच पश्चिमेला प्रबळगड दिसतो. हाच जुना मुरंजन, १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्याव्या लागलेल्या २३ किल्ल्यांपैकी एक. ज्याच्या शेजारचा डोंगर दोनशे वर्षं आधी तहाच्या कागदांत आहे, तो डोंगर १८५० पर्यंत कुणाच्या नजरेस पडला नव्हता, असं म्हणता येईल का?

शिवाय नावाचं काय करणार? ‘माथेरान’ हा शब्द मॅलेट साहेबांनी घडवलेला नाही. माथ्यावरचं रान किंवा मातेचं रान, अशा दोन व्युत्पत्ती सांगितल्या जातात. कोणतीही धरा, शब्द मराठी आहे. ज्या जागेला आधीच नाव आहे, तिचा ‘शोध’ कसा लागतो?

मॅलेट यांनी जे केलं ते कमी महत्त्वाचं नव्हतं. त्यांनी ही जागा सरकारदरबारी आणली. म्हणून ‘१८५० मध्ये माथेरान ब्रिटिश प्रशासनाच्या नोंदीत आलं’ असं लिहिलं, तर वाक्य खरंही राहतं आणि कुणाला पुसतही नाही. मराठीत ‘शोध’ या एकाच शब्दाला किती छटा आहेत पाहा. शोध लावणं, शोध घेणं, आणि त्यातूनच आलेलं संशोधन. तुमच्या प्रबंधात यांपैकी नेमकं काय चाललंय, हे क्रियापद निवडतानाच ठरतं.

वनस्पतिशास्त्र, औषधनिर्माण, मानवशास्त्र या विषयांतल्या मंडळींनी इथं विशेष थांबावं. एखादी वनस्पती कातकरी पिढ्यान्‌पिढ्या वापरत असतात आणि आपण लिहितो, ‘या वनस्पतीच्या उपयोगाबद्दल ज्ञान उपलब्ध नाही.’ छापील ज्ञान नसणं आणि ज्ञान नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिसर्च गॅप दाखवायच्या घाईत आपण हा फरक सहज गिळतो.

धडा तिसरा : पुस्तकाचं नावसुद्धा पुरावा असतो

१८७१ साली जे. वाय. स्मिथ यांचं माथेरानवर एक इंग्रजी पुस्तक एडिंबरोहून निघालं. ‘माथेरान हिल : इट्स पीपल, प्लँट्स अँड अॅनिमल्स’. डोंगर, आणि त्यावरची माणसं, झाडं, प्राणी. एका ओळीत, एकाच मापानं.

अशा पुस्तकाचं काय करायचं? दोन सोपे मार्ग आहेत आणि दोन्ही चुकीचे. एक, त्यातली झाडांची माहिती उचलायची आणि दृष्टिकोनाकडे दुर्लक्ष करायचं. दुसरा, ‘वसाहतवादी’ असा शिक्का मारून पुस्तक बाजूला ठेवायचं. मधला रस्ता कष्टाचा आहे. त्यातली वनस्पतींची नोंद आजच्या जंगलाशी ताडून पाहता येते, दीडशे वर्षांत काय टिकलं आणि काय गेलं हे पाहायला तिचा उपयोग होतो. आणि त्याच वेळी रानातला माणूस त्या काळच्या निरीक्षकाला कोणत्या रांगेत उभा दिसत होता, याचाही तो पुरावा असतो. एकच साधन दोन वेगळ्या प्रश्नांना दोन वेगळी उत्तरं देतं. साधन विश्वसनीय आहे का, असं मोघम विचारू नका. कोणत्या प्रश्नासाठी विश्वसनीय आहे, असं विचारा.

धडा चौथा : एल्फिन्स्टन कोणता?

माथेरानला गिरिस्थान म्हणून आकार दिला तो मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी. इथं अनेकांचा गोंधळ होतो, कारण महाराष्ट्राच्या इतिहासात दोन एल्फिन्स्टन गव्हर्नर आहेत. पहिले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, पेशवाई संपली तेव्हाचे, गव्हर्नर १८१९ ते १८२७. मुंबईतलं एल्फिन्स्टन कॉलेज त्यांच्या नावाचं. दुसरे त्यांचे पुतणे जॉन, तेरावे लॉर्ड एल्फिन्स्टन, गव्हर्नर १८५३ ते १८६०. माथेरानशी संबंध आहे तो या पुतण्याचा.

चूक पकडायला फार विद्वत्ता लागत नाही. साल ताडून पाहिलं की झालं. १८२७ मध्ये पद सोडलेला माणूस १८५० नंतरच्या गिरिस्थानाची आखणी गव्हर्नर म्हणून कशी करेल? प्रबंधात एखादं नाव आलं की त्याच्यापुढे पदाचा कालखंड लिहायची सवय लावा. निम्म्या चुका तिथंच गळून पडतात. (आणि गंमत म्हणजे महाराष्ट्र पुराभिलेखागाराची मुंबईतली कचेरी आहे ती एल्फिन्स्टन कॉलेजच्याच इमारतीत. म्हणजे पुतण्याची कागदपत्रं शोधायला काकांच्या दारातून आत जावं लागतं!)

धडा पाचवा : रेल्वे पाहा, पण गणित करून

आता माथेरानच्या सगळ्यात मोठ्या वास्तूकडे येऊ. होय, नेरळ-माथेरान रेल्वेला मी वास्तूच म्हणतो. फ्लॉरेन्सच्या घुमटाला जे तीन प्रश्न विचारतात, ते हिला विचारू.

कुणाचा पैसा? मुंबईतले बोहरा उद्योजक सर आदमजी पीरभॉय यांचा, सुमारे १६ लाख रुपये. कुणी उभारली? त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी. तांत्रिक सल्ला होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा, ज्यांनी आपली बार्शी लाइट रेल्वे केली तेच. सुरुवातीची चार वाफेची इंजिनं जर्मनीतल्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीची. अरुंद वळणांत चाकं अडकू नयेत म्हणून त्यांना कडेचे आस थोडे सरकू शकतील अशी खास रचना होती. त्यांतलं एक इंजिन आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, तर एक थेट इंग्लंडात.

कधी? इथं मजा आहे. १९०७ या सालावर सगळ्यांचं एकमत आहे. पण तारीख काही ठिकाणी २२ मार्च सापडते आणि काही ठिकाणी १५ एप्रिल. अशा वेळी नाणं उडवायचं नसतं आणि ‘बहुसंख्य वेबसाइट’ही मोजायच्या नसतात, कारण दहा वेबसाइटनी एकमेकांवरून उतरवलेली तारीख हा एकच पुरावा असतो. आधी विचारायचं, “सुरू झाली म्हणजे काय झालं?” तपासणी, औपचारिक उद्‌घाटन, प्रवासी वाहतूक, या तीन घटना तीन वेगळ्या दिवशी होऊ शकतात. मग त्या आठवड्यांतली वर्तमानपत्रं आणि रेल्वेचे अहवाल काढायचे. तोवर प्रबंधात ‘१९०७ च्या मार्च-एप्रिलमध्ये’ एवढंच लिहायचं. ढोबळ पण खरं विधान हे नेमक्या पण निराधार विधानापेक्षा केव्हाही बरं.

विज्ञानवाल्यांसाठी एक छोटं गणित. नेरळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटरवर, माथेरान सुमारे ८०० मीटरवर. चढाई ७६० मीटर. या मार्गावरचा सगळ्यात तीव्र चढ १:२०, म्हणजे २० मीटर पुढं गेल्यावर १ मीटर वर. मग सगळा मार्ग त्याच तीव्र चढाचा धरला, तरी लांबी किमान ७६० × २० = १५,२०० मीटर हवी. प्रत्यक्षात रूळ सुमारे २० किलोमीटरचे आहेत, कारण स्थानकं, वळणं आणि सौम्य चढही हवेतच. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज या थांब्यांमधून गाडी एवढी नागमोडी का जाते, याचं उत्तर निसर्गसौंदर्यात नाही, या गुणाकारात आहे. प्रवासवर्णनात जे ‘डौलदार वळण’ असतं ते अभियंत्याच्या वहीत चढाचं प्रमाण असतं. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचायला शिका.

हा मार्ग दर पावसाळ्यात दरडी आणि पाण्याशी झगडतो. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत तो इतका वाहून गेला की पुन्हा सुरू व्हायला २००७ साल उजाडलं. त्याचं जतन करायचं तर वारशाचं प्रेम पुरत नाही, भूशास्त्र आणि जलविज्ञानही लागतं. आंतरविद्याशाखीय संशोधन म्हणतात ते हेच.

धडा सहावा : नकाशावरची नावं

माथ्यावर फिरताना एक वही ठेवा आणि नावांचे तीन रकाने करा. पहिल्या रकान्यात लुईझा, अलेक्झांडर, शारलोट. ही साहेबी नावं. दुसऱ्यात एको, पॅनोरमा, सनसेट. इथं माणूस नाही, पाहणाऱ्याचा अनुभव आहे. तिसऱ्यात पिसारनाथ, चौक, रामबाग. ही पायथ्याच्या गावांची आणि देवाची नावं.

मग तिसरा रकाना नीट बघा. शारलोट लेक हा गावाचा पाण्याचा साठा आणि त्याच्याच काठावर पिसारनाथाचं मंदिर. म्हणजे पाणी साहेबी नावाचं आणि काठ ग्रामदैवताचा. पर्यटक एका फोटोत दोन्ही टिपतो, संशोधकानं दोन प्रश्न टिपावेत: गावकऱ्यांच्या तोंडी या पाण्याला काय नाव होतं, आणि देवाची यात्रा कोणत्या वाड्यांना एकत्र आणते?

वन ट्री हिलजवळच्या एका वाटेला ‘शिवाजी शिडी’ म्हणतात. नाव ऐकून ऊर भरून येतो, साहजिक आहे. पण नाव हा पुरावा धरायचा नसतो, तो प्रश्न धरायचा असतो. हे नाव पहिल्यांदा कोणत्या कागदात येतं, कुणाच्या तोंडी होतं? महाराजांबद्दलच्या आदराला अशा प्रश्नानं धक्का लागत नाही. उलट प्रबळगडासारख्या कागदोपत्री पक्क्या गोष्टी त्यामुळे अधिक उठून दिसतात.

धडा सातवा : ज्याचं नाव पॉइंटाला नाही, तो माणूस

माथेरानला गेलेल्या किती जणांना भाई कोतवाल माहीत असतात? विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरानमध्येच, एका गरीब नाभिक कुटुंबात. शिकून वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, आसपासच्या शेतकऱ्यांसाठी काम केलं. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाडकडच्या सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले. कोतवालांचं वय तेव्हा ३० वर्षं.

मॅलेटच्या डोंगरावर जन्मलेला, साहेबांच्या बंगल्यांच्या सावलीत वाढलेला मुलगा त्याच साम्राज्याविरुद्ध उभा राहतो. माथेरानचा इतिहास १८५० मध्ये ‘शोधला’ आणि १९०७ मध्ये रेल्वे आली, एवढ्यावर संपवला तर हा माणूस त्यात बसतच नाही. कालरेषा कुठं सुरू करायची आणि कुठं थांबवायची, हा तांत्रिक निर्णय वाटतो. पण त्यातूनच कोण आत आणि कोण बाहेर, हे ठरतं. त्यांचं स्मारक माथेरानमध्ये आहे. पॉइंट एक कमी करा, पण तिथं जा.

आता घाई कशाची?

इतका वेळ आपण कागद, रूळ आणि नावं पाहिली. ती उद्याही राहतील. पण माथेरानचा एक पुरावा आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत संपतो आहे.

दस्तुरी नाक्याच्या पुढं मोटारींना बंदी. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारनं हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. जंगल वाचलं, हवा स्वच्छ राहिली, आपण त्याचं कौतुक केलं. पण मोटार नाही म्हणून माणसं आणि सामान आपोआप वर पोचत नव्हतं. घोडे होते, हमाल होते, आणि हातरिक्षा होत्या: लाल जांभ्याच्या चढावर एक माणूस पुढून ओढणार आणि जोडीदार मागून ढकलणार. ई-रिक्षा द्या, अशी मागणी ओढणाऱ्यांच्या संघटनेनंच लावून धरली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला धरून नाही असं सांगत ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि या माणसांच्या पुनर्वसनाचा आदेश दिला.

हा न्याय उशिरा झाला, पण झाला. आणि संशोधक म्हणून आपलं काम इथंच सुरू होतं. हातरिक्षा उद्या एखाद्या संग्रहालयात दिसेल, चकचकीत पॉलिश केलेली, ‘जुन्या माथेरानची आठवण’ अशी पाटी लावून. ती ओढणाऱ्यांच्या आठवणी मात्र कोणत्याही गॅझेटिअरमध्ये नाहीत. दिवसाला किती फेऱ्या, पावसाळ्यातल्या महिन्यांत चूल कशी पेटायची, खांदे आणि गुडघे कोणत्या वयात बोलू लागायचे, कोणत्या गावांहून माणसं या कामाला यायची, ही उत्तरं फक्त माणसांकडे आहेत. आणि माणसं कागदासारखी कपाटात थांबत नाहीत.

तुम्ही हा विषय घेणार असाल तर तीन गोष्टी पाळा. एक, आधी संमती. रेकॉर्डर चालू करण्यापूर्वी आपण कोण, कशासाठी विचारतोय आणि या बोलण्याचं पुढं काय होणार, हे साध्या मराठीत सांगा. दोन, त्यांच्या धंद्याच्या वेळेत मुलाखत घेऊ नका. तुमच्या प्रश्नावलीची तासाभराची किंमत त्यांच्या एका फेरीइतकी असते. तीन, लिहून झालं की परत जा, वाचून दाखवा आणि ते सांगतील त्या दुरुस्त्या करा.

सराव

पुढच्या महिन्यात जमलं तर माथेरानला जा. कोणतीही एक जागा निवडा: स्थानक, बंगला, तलाव, देऊळ, वाट, काहीही. तिच्यासाठी पाचच ओळींची पाटी लिहा. कुणी बांधलं किंवा वापरलं, कुणाच्या पैशानं, कुणाच्या श्रमानं, कधी, आणि हे तुम्ही कशावरून म्हणता. फ्लॉरेन्सच्या मार्गदर्शिकेत तीन प्रश्न होते, त्यात आपण दोन वाढवले आहेत. श्रमाची आणि पुराव्याची ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागेल. लागू द्या.

ज्या ओळीपुढे ‘कशावरून?’ याचं उत्तर देता येणार नाही, ती ओळ खोडू नका. तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढा आणि तारीख टाका. तुमचा संशोधन-प्रश्न बहुधा तिथंच बसलेला असेल.